अपराध्याच्या सुधारणेची विद्या आणि आपला समाज

(वर्षावासातील व्याख्यानमालेत उपासक-उपासिकांपुढे दिलेले भाषण)



आज ज्या विषयावर मला आपणांशी बोलावयाचे आहे, तो विहारात सहसा निघत नाही. ज्याचा मुलगा तुरुंगात आहे तो बाप वस्तीतून मान खाली घालून चालतो; आणि ज्याचा नाही तो त्याच्या दारावरून जाताना पाऊल जरा लवकर उचलतो. तेव्हा तुरुंगाची गोष्ट बुद्धमूर्तीसमोर कशाला काढावी, असे कोणास वाटेल. परंतु ती येथेच काढली पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

याचे कारण परमपूज्य बाबासाहेबांनीच देऊन ठेविले आहे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या नावाने आपण जो ग्रंथ वाचतो, तो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रथम इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या धम्मदीक्षांचे वर्णन आहे. श्रेष्ठ व पवित्र मानल्या गेलेल्यांच्या दीक्षेस एक भाग आहे, हीनदीनांच्या दीक्षेस एक आहे, स्त्रियांच्या दीक्षेस एक आहे. आणि त्याचप्रमाणे पतित व अपराधी यांच्या दीक्षेसही एक स्वतंत्र भाग आहे. ज्या महापुरुषाने घटनेचा मसुदा सिद्ध केला, त्याने धम्मग्रंथात अपराध्यासाठी जागा राखून ठेविली. मग त्याच्या अनुयायांच्या विहारात, घरात आणि मुलांच्या शिक्षणात त्या माणसासाठी कोणती जागा आहे, हा प्रश्न आपण स्वतःस विचारावयास नको काय?

तथागतांनी काय शिकविले

दीघनिकायात कूटदन्त सुत्त आहे. त्यात महाविजित राजाची कथा येते. राज्यात चोऱ्या व लूटमार माजली होती. पुरोहिताने राजाला सांगितले की, वध, बंधन, दंड आणि हद्दपारी यांनी हा उपद्रव मिटणार नाही. जे उरतील ते पुन्हा लोकांना छळतील. जो शेती करील त्याला बियाणे द्यावे, जो व्यापार करील त्याला भांडवल द्यावे, जो राजसेवा करील त्याला वेतन द्यावे. आपापल्या कामात गुंतलेली प्रजा राज्याला उपद्रव देणार नाही. त्याच निकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात अपराधाची साखळीच मांडली आहे : निर्धनांना धन मिळाले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी वाढली, चोरीतून शस्त्र आणि शस्त्रातून हत्या. अपराधाचे कारण मागील जन्मीच्या पापात शोधावयाचे नाही, ते समाजाच्या व्यवस्थेत व माणसाच्या मनात शोधावयाचे आहे, ही शिकवण अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे.

अंगुलिमालाची कथा आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. परंतु तिचा उत्तरार्ध आपण घाईने उरकतो. प्रसेनजित राजा पाचशे घोडेस्वार घेऊन त्या दरोडेखोराच्या पारिपत्यास निघाला होता. वाटेत तो तथागतांच्या भेटीस आला, तेव्हा तोच दरोडेखोर चीवर परिधान करून जवळच बसलेला त्याला दिसला. जे आपल्याला दंडाने व शस्त्राने साधले नाही ते तथागतांनी त्यांच्याशिवाय साधले, असे उद्गार राजाने काढले. येथे कथा संपत नाही. तोच अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला गेला, तेव्हा त्याच्यावर ढेकळे, काठ्या व खापऱ्या येऊन आदळल्या; डोके फुटले, पात्र भंगले, चीवर फाटले. सुधारलेल्या माणसाला न सुधारलेल्या समाजात परत जावे लागते. तुरुंगातून सुटलेल्या प्रत्येक माणसाची ही गोष्ट आहे, आणि आजचा आपला विषय येथूनच सुरू होतो.

नुसती दया पुरेशी नाही

आपणांपैकी कित्येक म्हणतील, "अपराध्याशी दयेने वागावे, एवढेच ना? त्यासाठी विद्यापीठात कशाला जावयाचे?" मित्रहो, दया हा आरंभ आहे. पण औषधाचे ज्ञान नसलेला दयाळू वैद्य रोग्याला वाचवू शकत नाही. कालामांना तथागतांनी सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः पारखून, ते हितकर आहे की अहितकर हे पाहून मग स्वीकारा. आज जगातील काही विद्यापीठांत पुराव्यावर आधारलेली सुधारसेवा या नावाने पदव्युत्तर शिक्षण दिले जाते, त्याचा पाया हाच आहे. अपराध्यावर केलेल्या कोणत्या उपायाने तो पुन्हा अपराध करण्याचे टळले, आणि कोणत्या उपायाने उलट वाढले, हे मोजून पाहावयाचे. आणि मोजणीने जे ठरेल तेच करावयाचे.

याचे एक बोलके उदाहरण सांगतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहवे येथील तुरुंगात १९७० नंतरच्या दशकात एक प्रयोग सुरू झाला. वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगात न्यावयाचे, आणि जन्मठेपेच्या कैद्यांनी त्यांना आरडाओरड करून, धाक घालून तुरुंगाचे भय दाखवावयाचे. १९७८ साली त्यावर बोलपट निघाला, तो गाजला, आणि अनेक ठिकाणी त्याचे अनुकरण झाले. भय दाखविले की पोर सरळ होते, असे कोणाही बापाला वाटेल. परंतु पुढे अभ्यासकांनी असे प्रयोग पद्धतशीर तपासले : चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे मुलांचे दोन गट पाडले, एका गटाला तुरुंग दाखविला, दुसऱ्याला दाखविला नाही, आणि दोघांचे पुढील वर्तन पाहिले. अशा अनेक चाचण्या एकत्र मांडल्यावर असे आढळले की, तुरुंग दाखविलेल्या मुलांनीच पुढे अधिक अपराध केले. सर्वांना पटणारी गोष्ट खोटी ठरली. पारख केली नसती, तर आणखी किती पोरे त्या चुकीपायी वाया गेली असती?

१९७४ साली रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सुधारणेच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन निराशेचा सूर काढला. काहीच उपयोगी पडत नाही, असा त्याचा अर्थ राज्यकर्त्यांनी घेतला, आणि कडक शिक्षेचे युग सुरू झाले. पुढे १९७९ साली मार्टिन्सननेच आपले मत बदलले, पण तोवर वारे फिरले होते. कॅनडातील डोनाल्ड अँड्र्यूज, जेम्स बोंटा आणि त्यांचे सहकारी यांनी मात्र चिकाटी सोडली नाही. सर्व प्रयोगांना एकाच मापाने मोजू नका, कोणता प्रयोग, कोणासाठी, कोणत्या रीतीने केला ते पाहा, असे त्यांनी म्हटले. आणि १९९० साली तीन तत्त्वे मांडली. आज जगभर ही विद्या बहुतांशी या तीन तत्त्वांवर उभी आहे.

तीन तत्त्वे

पहिले तत्त्व धोक्याचे. ज्याच्या हातून पुन्हा अपराध होण्याचा संभव अधिक, त्याच्यावर अधिक कष्ट घ्यावेत. ज्याच्या बाबतीत तो अल्प, त्याला शक्य तितके त्याच्या घरी, शाळेत, कामावर राहू द्यावे. हे केवळ खर्च वाचविण्यासाठी नाही. ओहायो राज्यातील हजारो अपराध्यांचा अभ्यास करून सिनसिनाटी विद्यापीठातील लोवेनकॅम्प व लटेसा या अभ्यासकांनी २००२ साली दाखविले की, अल्प धोक्याच्या माणसांना निवासी सुधारगृहात ठेवले असता त्यांचे वर्तन बहुधा बिघडते, आणि तेच सुधारगृह अधिक धोक्याच्या माणसांना उपकारक ठरते. कारण उघड आहे. साध्या माणसाची नोकरी सुटते, घर तुटते, आणि सोबत मिळते ती सराईताची.

दुसरे तत्त्व गरजेचे. ज्या गोष्टींमुळे माणूस अपराधाकडे ओढला जातो त्यांवर नेमके बोट ठेवावयाचे : अपराधाचे समर्थन करणारे विचार, वाईट संगत, व्यसन, रागावरील ताबा सुटणे, घरातील तुटलेले नाते, शिक्षण व कामधंदा यांचा अभाव. कैद्याला केवळ कवायत शिकविली किंवा व्याख्यान ऐकविले, तर यांतील एकही गाठ सुटत नाही.

तिसरे तत्त्व ग्रहणशक्तीचे. ज्याला जसे शिकता येते तसे त्याला शिकवावे. निरक्षराच्या हाती पुस्तक देऊन काय उपयोग? म्हणून राग कोठून उठतो, त्या क्षणी मनात कोणता विचार येतो, तेथे थांबून दुसरे काय करता येईल, हे प्रत्यक्ष प्रसंग रचून, पुन्हा पुन्हा सराव करून शिकविले जाते. बुद्धाच्या शिकवणीत मनाला अग्रस्थान आहे आणि सजगता हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे, हे जाणणाऱ्या आपणांस ही पद्धत परकी वाटू नये.

आणि शिकविणारा स्वतः शिकलेला असावा लागतो. बोंटा यांनी कॅनडात परिवीक्षा अधिकाऱ्यांचे दोन गट करून एका गटाला या पद्धतीचे खास प्रशिक्षण दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालील माणसांत पुन्हा अपराध करण्याचे प्रमाण कमी आढळले. अधिकारी तोच, पगार तोच, कायदा तोच. फरक पडला तो शिक्षणाने.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात आणि १९९४ साली दिल्लीच्या तिहार कारागृहात विपश्यनेची शिबिरे झाली; तिहारमधील एका शिबिरात एक हजाराहून अधिक बंदी बसले होते. त्याचा आपल्याला आनंद वाटणे साहजिक आहे. परंतु ध्यानाचा उपाय आपला म्हणून त्याला पारखीतून सूट नाही. त्याने कोणाला किती लाभ झाला, आणि सुटल्यावर काम व निवारा नसेल तर तो लाभ किती टिकला, हे याच मापाने मोजले पाहिजे. कालामांना दिलेला उपदेश आपल्यालाही लागू आहे.

आपल्या देशातील सोय

ही विद्या शिकण्यास समुद्र ओलांडावा लागतो असे नाही. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९५१-५२ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून वॉल्टर रेकलेस भारतात आले. त्यांनी येथील तुरुंगांच्या कारभारावर अहवाल लिहिला, आणि प्रशिक्षित अधिकाऱ्यांच्या गरजेवर भर दिला. या संस्थेत अपराधशास्त्र व न्याय या विषयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते, आणि विद्यार्थ्याला वर्गाबरोबरच तुरुंग, न्यायालय, पोलीस ठाणे व बालगृह येथे प्रत्यक्ष काम करावे लागते. तेथूनच १९९० साली 'प्रयास' हा उपक्रम निघाला. त्यातील कार्यकर्ते कच्च्या कैद्यांना वकील व जामीन मिळण्यास मदत करतात, घराशी त्यांचा संपर्क जोडून देतात, आणि सुटलेल्या स्त्री-पुरुषांना कामाला लावतात. खात्यात असलेल्यांसाठी येरवड्यास कारागृह अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे, आणि वेल्लोर येथे १९७९ पासून दक्षिणेकडील राज्यांची प्रबोधिनी आहे.

हा आपल्या समाजाचा प्रश्न का आहे

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांपैकी तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नव्हता. आणि एकूण कैद्यांपैकी सुमारे पाचांत एक अनुसूचित जातींचा होता, जरी २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत त्या जातींचा वाटा १६.६ टक्केच आहे. आपल्या लोकांत दुर्गुण अधिक म्हणून हे घडते काय? ज्याच्याजवळ जामिनाचे पैसे नाहीत, ज्याचा वकील तारखेला येत नाही, ज्याच्या वस्तीत पोलिसांची गाडी प्रथम येते, तो आत अधिक काळ राहतो.

आत गेल्यावरही जात त्याची पाठ सोडीत नव्हती. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावलीत झाडलोटीचे काम अमुक जातींना आणि स्वयंपाक अमुक जातींना, असे नियम स्वातंत्र्यानंतरही राहिले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात असे नियम घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले, आणि विमुक्त जमातींना जन्मतः सराईत समजण्याच्या वृत्तीवर प्रहार केला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला होता. सोलापूरच्या वसाहतीचे तारेचे कुंपण तुटले होते. तरी मनातील कुंपण सत्तर वर्षे उभेच राहिले. निकाल कागदावर आला. बराकीत तो कोण आणणार?

म्हणूनच आपली शिकलेली मुले तेथे हवीत. मघाशी सांगितलेले पहिले तत्त्व आठवा. माणसाचा धोका मोजताना त्याला पूर्वी किती वेळा अटक झाली हे पाहिले जाते. ज्या वस्तीतील पोरे संशयावरून नेहमी उचलली जातात, तेथे अटकांची संख्या पोराचे वर्तन जितके सांगते, तितकीच पोलिसांची सवयही सांगते. परदेशात तयार झालेले माप येथे डोळे मिटून लावले, तर जातीचा जुना शिक्का शास्त्राच्या नव्या अक्षरांत उमटेल. ज्याने वस्ती आतून पाहिली आहे आणि शास्त्रही शिकले आहे, तोच हे ओळखील व सांगेल. दुसऱ्याने आपल्यासाठी सांगावे म्हणून वाट पाहण्याची सवय बाबासाहेबांनी आपल्याला सोडावयास लाविली.

येथे कोणी विचारील : ज्याचे घर लुटले गेले, ज्याच्या मुलीवर अत्याचार झाला, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. अत्याचार सोसलेल्या समाजाने अत्याचाऱ्याची शिक्षा माफ करा, असे मी म्हणत नाही. कायद्याने शिक्षा व्हावी, आणि पीडिताला न्याय व आधार मिळावा. लोकांचे भय तथागतांनीही मानले होते. विनयातील महावग्ग सांगतो की, अंगुलिमालाला पाहून लोक घाबरले, तेव्हा यापुढे कुप्रसिद्ध चोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम त्यांनी केला. दयेच्या जोडीला सावधपणा होता. परंतु बहुतेक कैदी एक ना एक दिवस सुटून आपल्यांतच परत येतात. तो अधिक क्रूर होऊन यावा की माणूस होऊन यावा, एवढाच प्रश्न आहे. आणि जी माणसे अद्याप त्याच्या हातून दुखावली गेलेली नाहीत, त्यांचे रक्षणही याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आपण काय करावे

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतील काहींनी हा मार्ग घ्यावा. इंजिनियर व्हा, डॉक्टर व्हा; पण प्रत्येक तालुक्यातून एक तरी मुलगा अथवा मुलगी परिवीक्षा अधिकारी, कारागृहातील समाजकार्यकर्ता किंवा या विषयाचा संशोधक व्हावा. बौद्ध झाल्याने तुमच्या सवलती गेल्या, असे कोणी सांगेल तर ऐकू नका; १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस त्या जातींची घटनात्मक मान्यता मिळाली आहे, आणि शिष्यवृत्तीचा मार्ग खुला आहे.

मातापित्यांनो, तुम्ही आपले हक्क जाणून घ्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तीस, स्त्रीस आणि कोठडीतील माणसास मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा कच्च्या कैद्याने त्या अपराधाच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावयाचे असते, आणि तसा अर्ज न्यायालयाकडे करणे हे कारागृह अधीक्षकाचे कर्तव्य आहे. फाशी अथवा जन्मठेपेस पात्र असलेले अपराध आणि एकाहून अधिक खटले असणारे मात्र यातून वगळले आहेत. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याप्रमाणे न्यायालय योग्य प्रकरणी तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकते. एकवीस वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर, अपराध जन्मठेपेइतका गंभीर नसेल तेव्हा, तुरुंगात का पाठवावे लागते याची कारणे न्यायालयाला नोंदवावी लागतात. आणि याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, अशा रीतीने सोडलेल्या माणसास त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. ही कलमे वहीत उतरवून घ्या. वकिलाने सांगितली नाहीत, तर तुम्ही वकिलाला सांगा.

विहाराच्या चालकांना माझी एकच विनंती आहे. सुटून आलेला मुलगा वंदनेला येईल, तेव्हा त्याला मागच्या रांगेत बसवू नका. त्याला काम मिळवून देण्याची जबाबदारी दोन उपासकांनी घ्यावी. जुन्या संगतीऐवजी नवी संगत द्यावी. दारूपासून दूर राहण्यास साथ द्यावी. दुसऱ्या तत्त्वात ज्या गरजा सांगितल्या, त्यांतील निम्म्या विहार पुऱ्या करू शकतो, आणि त्यासाठी सरकारी मंजुरी लागत नाही. पंचशील घेताना चोरी व हिंसा यांपासून परावृत्त होण्याचे शील आपण रोज नव्याने ग्रहण करतो. ज्या धम्मात प्रत्येकाला रोज नव्याने आरंभ करता येतो, त्या धम्माच्या दारात एखाद्याचा कालचा दिवसच तेवढा मोजावयाचा, हे शोभणार नाही.

श्रावस्तीच्या लोकांच्या हाती ढेकळे होती. आपल्या हाती पुस्तक, कायदा आणि धम्म आहे. कशाचा उपयोग करावयाचा, हे आपण ठरवावयाचे आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.